पाण्याचा हिशेब

मराठी घरात 'कॅसरोल' म्हटलं की पोळ्या डोळ्यांपुढे येतात. बाहेरून प्लास्टिक, आतून स्टील, तळाशी दुमडलेला फडका आणि वर गरम पोळ्यांची चळत. आहेरात हमखास येणारी आणि माळ्यावर तीन-तीन साठणारी वस्तू. त्यामुळे मिनियापोलिसला भाचीकडे गेलो असताना तिची शेजारीण "उद्या कॅसरोल आणते" म्हणाली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, की रिकामा आणणार का भरलेला?

भरलेला आला. नऊ बाय तेरा इंचाचं काचेचं आयताकृती भांडं, वर ॲल्युमिनियमची फॉइल, तळाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं आडनाव. आपल्याकडे समारंभाची भांडी परत मिळावीत म्हणून त्यावर नावं घालून घेतात, तोच हा प्रकार. फॉइल काढली तर वर खरपूस तळलेला कांदा आणि खाली पांढरट दाट रसात बुडालेली फरसबी. ओव्हनमधून नुकतीच निघाल्यामुळे कडेनं अजून बुडबुडत होती.

फ्रेंच लोक दांड्याच्या पातेल्याला कॅसरोल म्हणतात. इंग्रजीत गेल्यावर भांड्याचं नाव पदार्थाला चिकटलं, आपल्याकडे 'हंडी' आणि 'कढई' हॉटेलच्या मेनूकार्डावर जाऊन बसल्या तसं. भारतात येईपर्यंत पदार्थ गळून गेला आणि पुन्हा नुसतं भांडं उरलं. अमेरिकेत मात्र कॅसरोल म्हणजे ज्या भांड्यात भाजायचं त्यातच टेबलावर मांडायचं, असा पदार्थ. काहीतरी मुख्य, काहीतरी पिठूळ, सगळ्याला धरून ठेवणारा दाट रस आणि वर कुरकुरीत थर.

ओव्हनमधून थेट टेबलावर जाण्याची ही सोय काचेनं केली. १९१३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ जेसी लिटल्टन यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचं बूड कापून घरी नेलं आणि त्यांच्या पत्नी बेसी यांनी त्यात केक भाजून पाहिला. काच तडकली नाही. दोन वर्षांनी, १९१५ मध्ये, पायरेक्सची भांडी बाजारात आली. ही काच होती बोरोसिलिकेट. तापल्यावर ती फार कमी प्रसरण पावते, म्हणून टिकते. आपल्या ओळखीच्या 'बोरोसिल' या नावाचं मूळही तेच.

त्या रात्री ती फरसबी मी दोनदा वाढून घेतली. पाककृती विचारली, तेव्हा शेजारीणबाई जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "मी डब्यातलं सूप वापरत नाही हं. सगळं ताजं असतं." यात ओशाळण्यासारखं काय होतं, ते कळायला त्या डब्याची गोष्ट माहीत असावी लागते.

ती गोष्ट सुरू होते पाण्यापासून. १८९७ साली जॉन डॉरन्स नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ न्यू जर्सीतल्या कॅमडेन इथं, काकांच्या कंपनीत, आठवड्याला साडेसात डॉलर पगारावर लागला. ती कंपनी कॅम्पबेल. सूप डब्यात भरून विकणारे तेव्हाही होतेच, पण त्यात बहुतांश पाणी. आगगाडीनं गावोगावी जायचं ते पाणी आणि भाडं भरायचं तेही त्या पाण्याचं. डॉरन्सनं सूप आटवून घट्ट केलं. पाणी गिऱ्हाइकानं घरी घालावं! डबा साडेदहा औंसांचा झाला आणि किंमत दहा सेंट. १९३४ साली या घट्ट सुपांत 'क्रीम ऑफ मशरूम' दाखल झालं. गंमत म्हणजे रिट्झ बिस्किटंही त्याच वर्षीची. पुढची कित्येक दशकं अमेरिकी कॅसरोलच्या पोटात पहिलं आणि डोक्यावर चुरलेलं दुसरं, अशी ही जोडी नांदली.

सूपमध्ये पाणी घालायचंच नाही, हे गृहिणींनी लवकरच ओळखलं. पाणी न घातलेलं सूप म्हणजे आयता, मीठ-मसाला घातलेला, दाट पांढरा रस. लोणी-मैदा परतणं नाही, गुठळ्या मोडणं नाही, दूध उतू जाण्याची धास्ती नाही. त्यात ट्यूना मासा आणि नूडल्स घाला, उरलेलं चिकन आणि भात घाला, काहीही घाला. मराठीत आमटी-रश्शाबद्दल 'मिळून आलं' असं जे म्हणतात, ते मिळून येणं या डब्यात विकत मिळत होतं. मिनेसोटात या सुपाला चेष्टेनं 'ल्युथरन बाइंडर' म्हणतात. तिथले बरेच लोक ल्युथरन पंथाचे, चर्चच्या तळघरात एकत्र जेवणारे. त्यांना सांधणारा डिंक तो हाच.

१९५५ साली कॅम्पबेलच्या प्रयोग-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंना काम मिळालं. कोणत्याही अमेरिकी घरात हमखास असतील अशा जिनसांपासून एक पदार्थ हवा होता. फरसबी आणि मशरूम सूप तर असणारच. रायलींनी त्यात दूध, चमचाभर सोया सॉस आणि मिरपूड घातली, वर डब्यातला तळलेला कांदा पसरला आणि ओव्हनमध्ये ठेवला. झाला 'ग्रीन बीन कॅसरोल'. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या ताटात तो असा बसला की त्याच्याशिवाय सण साजरा झाल्यासारखं वाटेना. खुद्द कंपनीचा अंदाज असा, की अमेरिकेत खपणाऱ्या मशरूम सूपपैकी चाळीस टक्के एकट्या या पदार्थात जातं. रायलींचं मूळ पाककृतीचं कार्ड २००२ साली ओहायोतल्या संशोधकांच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलं गेलं. वर्षानुवर्षं शेकडो पाककृती केल्यामुळे ही आपण कधी केली, ते त्यांना आधी आठवेचना! २०१८ साली, ९२ व्या वर्षी त्या वारल्या.

या पदार्थाला नावं ठेवणं सोपं आहे आणि शहरी अमेरिकी लेखकांनी ती भरपूर ठेवली आहेत. मला ते पटत नाही. दिवसभर नोकरी करून, चार पोरांना सांभाळून, उणे वीस अंशांच्या थंडीत चर्चला पदार्थ पोचवायचा, तर डबा फोडणं हा शहाणपणाच होता. आपल्याकडे तयार इडलीचं पीठ आणणाऱ्या बाईला कोण हसतं? तक्रार चवीची आणि मिठाची असू शकते. साध्या मशरूम सूपच्या एका डब्यात दोन ग्रॅमांहून जास्त सोडियम भरतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला दोन ग्रॅमांपेक्षा कमी सांगते. शिवाय कोंबडी असो, मासा असो की फरसबी, सगळ्याला एकच चव येते.

ताज्या जिनसांकडे ओढा वाढायला पुढं बरीच कारणं झाली. बर्कलीत ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये 'शे पानीस' हे उपाहारगृह काढलं आणि जवळच्या शेतातलं, त्या ऋतूतलं तेच शिजवायचं असा आग्रह धरला. अमेरिकी कृषी खात्याच्या नोंदीत १९९४ साली शेतकरी बाजार होते सुमारे साडेसतराशे, वीस वर्षांनी ते आठ हजारांवर गेले. ताजी फरसबी कोपऱ्यावर मिळायला लागल्यावर डब्यातली मऊ, शेवाळी फरसबी कोण खाणार? टीव्हीवर अल्टन ब्राऊन यांनी हाच कॅसरोल ताज्या फरसबीचा, ताज्या मशरूमचा, घरी केलेल्या कुरकुरीत कांद्याचा करून दाखवला, तोही बिडाच्या तव्यात. मिनेसोटा-डकोटाच्या सीमेवर राहणाऱ्या मॉली ये या लेखिकेनं तिथल्या 'हॉटडिश'मधला, म्हणजे कॅसरोलमधला, डबा काढून लोणी, मैदा आणि दूध परत आणलं.

पण शेजारीणबाईंचं ओशाळणं मला खरं कळलं ते पुण्यात परत आल्यावर. ओटीजी होता, काचेचं भांडं होतं, मंडईतली कोवळी फरसबी होती. मंडईत जे छान दिसलं ते उचललं होतं. फरसबी, मशरूम, झुकिनी आणि टोमॅटो, सगळं चिरून, कच्चंच व्हाइट सॉसमध्ये कालवून, वर चीज किसून ओव्हनमध्ये सरकवलं. चाळीस मिनिटांनी बाहेर काढलं तर वर चीजचा तवंग आणि खाली पातळ, करड्या रंगाचं पाणी. बायकोनं डाव घातला आणि विचारलं, "हे सूप का?"

बरोबर विचारलं. डॉरन्सनं सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेलं पाणी मी ताज्या भाज्यांतून परत आत घातलं होतं. डब्यातल्या जिनसांचं पाणी कारखान्यात सुटून गेलेलं असतं. ताज्या भाजीचं पाणी सुटायचं असतं आणि ते तुमच्या ओव्हनमध्ये सुटतं. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, झुकिनी आणि टोमॅटोत पंचाण्णवच्या आसपास. आपल्या आया पालेभाजी करताना कढईवर नजर ठेवून म्हणतात, "पाणी सुटलंय, आटू दे." कॅसरोल ओव्हनमध्ये गेला की असं म्हणता येत नाही. मधला भाग बंद असतो आणि वाफ जायला वाट नसते. म्हणजे आटवायचं ते आधीच आटवून घ्यायला हवं.

मशरूमपासून सुरुवात. जाड काप करून मोठ्या, तापलेल्या पॅनमध्ये एका थरात टाकायचे. झाकण नको, गर्दी नको. पहिल्या दोन मिनिटांत ते करकरतात आणि मग एकदम पाणी सोडतात. पॅनमध्ये डबकं साचतं, इथं घाबरून गॅस बंद करू नये. पाणी आहे तोवर पॅनचं तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही आणि खमंग तपकिरी रंग धरायला सुमारे एकशेचाळीस अंश लागतात. डबकं आटलं की आवाज बदलतो, चरचर कोरडी होते आणि कडा तांबूस होऊ लागतात. तेव्हा लोणी, मीठ, लसूण. पाव किलो मशरूम मूठ-दीड मूठ उरतात. पण डब्यातल्या सूपमध्ये जी चव मोनोसोडियम ग्लुटामेटच्या मदतीनं आणतात, ती इथं मशरूममधल्या ग्लुटामेटनं आणि त्या तांबूसपणानं आपोआप येते.

फरसबीचं भांडण रंगाशी असतं. शिजताना भाजीच्या पेशी फुटतात, आतली आम्लं मोकळी होतात आणि हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू उपटून काढतात. हिरवा रंग जाऊन शेवाळी येतो. डब्यातल्या फरसबीला बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू मरावेत म्हणून सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापवावं लागतं, म्हणून ती कायमची शेवाळी. घरी मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळायचं, मीठ घालायचं, फरसबी सोडायची आणि झाकण ठेवायचं नाही. हिरव्या भाजीवर झाकण ठेवू नये असं आजी सांगायची, ते एवढ्यासाठीच. काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, उरलेली भरपूर पाण्यात पातळ होतात. चार-पाच मिनिटांनी काढून बर्फाच्या पाण्यात टाकायची. सोड्याची चिमूट टाकली तर रंग आणखी हिरवागार राहतो, पण फरसबीचा गिचका होतो. तो मोह टाळावा. आणि नंतर, ज्याकडे सगळेच काणाडोळा करतात ते काम, म्हणजे फडक्यावर पसरून खरोखर कोरडी करायची.

(फरसबी हा शब्द 'फ्रेंच बीन'चंच मराठी रूप. मूळची अमेरिका खंडातली ही शेंग युरोपात जाऊन फ्रेंच झाली आणि आपल्याकडे येऊन मराठी.)

आता मिळून येण्याचं काम. तीस ग्रॅम लोणी, तीस ग्रॅम मैदा, चारशे मिलिलिटर दूध. लोण्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा. बेसनाच्या लाडवाइतका नाही, नुसता कच्चेपणा जाऊन खमंग वास सुटेपर्यंत. लोण्यामुळे मैद्याचा कण न् कण सुटा होतो, म्हणून दूध घातल्यावर गुठळ्या होत नाहीत. मैद्यातला स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो, पण पुरता दाट व्हायला उकळीजवळ जावं लागतं. म्हणून सॉस एकदा तरी रटरटू द्यायचा. दूध फुटण्यापासूनही हाच स्टार्च सांभाळून घेतो. किती दाट? पळीवाढा नको, अंगाबरोबर रस हवा. पिठलं पळीवरून जसं जड होऊन पडतं, तेवढा. फरसबी आणि मशरूम अजून थोडं पाणी सोडणारच, त्याची सोय आधीच ठेवायची. थोडं जायफळ, मिरपूड आणि रायलीबाईंची आठवण म्हणून सोया सॉसचे काही थेंब.

अर्धा किलो फरसबी, मशरूम आणि हा सॉस भांड्यात एकजीव करून दोनशे अंशांवर वीस मिनिटं. तळलेला कांदा शेवटच्या पाच मिनिटांत वर घालायचा, आधी घातला तर वाफेनं नरम पडतो. अमेरिकी दुकानात हा कांदा डब्यात मिळतो. आपल्याला त्याची गरज नाही, बिर्याणीचा बिरिस्ता तो हाच. फक्त जरा जास्त करावा. माझ्या घरी निम्मा कांदा ओव्हनपर्यंत पोचत नाही.

झुकिनीचं उत्तर कोशिंबिरीत आहे. काकडी चोचवून, मीठ लावून, अर्ध्या तासानं पिळतो तशी झुकिनी पिळायची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत पिवळ्या स्क्वॉशचा कॅसरोल प्रसिद्ध आहे. तिथल्या जाणत्या बायका स्क्वॉश आधी शिजवून चाळणीत निथळत ठेवतात आणि मगच अंडं, चीज, रिट्झच्या चुऱ्यात मिसळतात. टोमॅटोचे काप आधी नुसतेच ओव्हनमध्ये भाजून सुरकुतवायचे. बटाटा मात्र धुवायचा नाही, कापांना चिकटलेला स्टार्च वाया घालवू नये.

दुसरी युक्ती म्हणजे पाणी काढण्याऐवजी ते कोणाला तरी पाजायचं. आपण भाजीला पीठ पेरतो तेव्हा हेच करतो. सुटलेलं पाणी बेसन पिऊन घेतं आणि दोघंही चविष्ट होतात. पाठारे प्रभूंचं कोळंबीचं भानोलं म्हणजे या विचाराचं पक्कं मुंबईकर रूप. कोबी, कोळंबी आणि बेसन एकत्र कालवून, खाली-वर निखारे ठेवून भाजलेलं. ओव्हन मराठी स्वयंपाकघरात उशिरा आला, वरून-खालून आच देण्याची कल्पना नव्हे. अमेरिकेत बेसनाच्या जागी कच्ची मॅकरोनी, ब्रेडचा चुरा किंवा भात येतो.

आणि मिनेसोटात येतो जंगली तांदूळ. हा आपल्या तांदळाचा लांबचा भाऊबंद. उथळ तळ्यांत आपोआप उगवणारं, लांब काळपट दाण्यांचं हे गवत. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला 'मनूमिन' म्हणतात. ऑगस्टअखेर ते होड्या घेऊन तळ्यात शिरतात, एक जण होडी ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या होडीवर वाकवून दाणे झाडतो. काही दाणे पाण्यात पडतात, ती पुढच्या वर्षाची पेरणी. १९७७ पासून ते मिनेसोटाचं राज्यधान्य आहे. हातानं गोळा केलेला तांदूळ वीसेक मिनिटांत शिजतो, शेतात लावलेल्या काळ्याकुट्ट दाण्याला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मशरूम, सेलरी, कोंबडीचा रस्सा आणि हा तांदूळ एका भांड्यात घातला तर दाणे जास्तीचं पाणी शोषून फुलतात, फुटतात आणि आतून पांढरे दिसू लागतात.

याच राज्यात कॅसरोलला 'हॉटडिश' म्हणतात. छापील पाककृतींत त्याचा जुना माग लागतो १९३० मध्ये, मॅन्केटो गावच्या एका ल्युथरन चर्चच्या महिला मंडळाच्या पुस्तकात. पुढं त्याच्या डोक्यावर टेटर टॉट्स चढले. ओर-आयडा कंपनीनं १९५३ साली फ्रेंच फ्राइज कापताना उरणाऱ्या, गुरांना घातल्या जाणाऱ्या बटाट्याच्या तुकड्यांना मीठ-पीठ लावून केलेल्या या गोळ्या. २०११ मध्ये सिनेटर अल फ्रँकन यांनी मिनेसोटाच्या खासदारांची हॉटडिश स्पर्धाच सुरू केली. दोन्ही पक्षांचे लोक काचेची भांडी घेऊन वॉशिंग्टनमध्ये जमतात. तेव्हा कोणत्या भांड्यात डबा आणि कोणत्यात ताजा सॉस, यावरून त्यांच्यात काय चालतं ते ऐकायला मला आवडेल.

शेवटचं काम सर्वांत अवघड. ओव्हनमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. रस तेव्हा लाव्ह्यासारखा पातळ आणि उकळता असतो. थोडा निवला की स्टार्च आळतो, सगळं एकमेकांना धरतं आणि डाव घातल्यावर चौकोन अख्खा उचलला जातो. भूक लागलेल्या घरात ही पंधरा मिनिटं फार मोठी असतात. मी त्या वेळात भांड्यापाशी उभा राहतो, नाहीतर कांदा वरच्या वर संपतो.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं आणि पुन्हा गरम करताना मधोमध वाफ येईपर्यंत, म्हणजे चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत. पण खरं सांगू? सकाळी फ्रीजमधून काढलेला गार चौकोन वडीसारखा कापला जातो. वरचा कांदा नरम पडलेला असतो, त्याला इलाज नाही. मी तो तुकडा तव्यावर थोडा परततो, मग दुसऱ्या कॅसरोलचं झाकण उघडतो, फडका बाजूला सारतो आणि वरची पोळी काढून घेतो.